गादीवरचे केस आणि लेकरांचा श्वास

घरात मांजर असले की गोधडीवर, उशीवर, दिवाणवरच्या चादरीवर केस असायचेच. कुत्रे ओसरीत निजत असले तरी उन्हाळा लागताना त्याचे केस गळू लागतात आणि वाऱ्याबरोबर बाजेपर्यंत येतात. आमच्या आर्णीत बायका हे एकमेकींना हसत सांगतात; पण घरात दम्याचे लेकरू असेल तर हसण्यावारी नेता येत नाही. म्हातारी म्हणते, मांजर पोत्यात घालून अरुणावतीपलीकडे सोडून या. लेकरे रडून घर डोक्यावर घेतात. आणि सून बिचारी रोज सकाळी फडा घेऊन गादी झटकत बसते.

या झटकण्याविषयीच आम्हाला बोलायचे आहे. खरा दोष केसाचा नाही. मांजर दिवसभर अंग चाटते, ती लाळ केसांवर वाळते. त्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात एक प्रथिन असते, त्यामुळे काहींना शिंका येतात, डोळे खाजतात, धाप लागते. हा कोंडा इतका बारीक की कोरडे झटकले तर तासन्‌तास हवेत तरंगतो. म्हणजे ज्या लेकरासाठी झटकायचे, त्याच्याच नाकात तो जातो. मांजर सोडून दिले तरी गाद्यांतला कोंडा कित्येक महिने राहतो. तेव्हा म्हातारीचा उपायही लगेच लागू पडत नाही. अर्थात लेकराचा दमा जोराचा असेल तर मांजराचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, आणि तोवर निजायच्या खोलीत त्याला येऊ देऊ नये.

केस काढायला महागडे यंत्र लागत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा उभा चिरून धुऊन घ्यावा, किंवा रबरी हातमोजा घ्यावा. तो किंचित ओला करून गादीवरून, सोफ्याच्या कापडावरून एकाच दिशेने ओढत जावा. केसांच्या गुंडाळ्या होतात, त्या हाताने उचलाव्यात. मागे-पुढे घासू नये, केस आणखी आत रुततात. रेक्झिनला ओले फडके पुरे, फक्त शिवणीच्या खाचा विसरू नयेत. टेरिकॉटच्या कपड्यांना हिवाळ्यात घर्षणाने वीज धरते, म्हणून केस चिकटून बसतात; ओला हात फिरवला की सुटतात. आम्ही कचेरीत जाताना खोकी बांधायची चिकटपट्टी पंजाला उलटी गुंडाळून पॅन्टवर थापतो. साहेबांना अजून पत्ता नाही.

गोधडी मात्र एकदम पाण्यात टाकू नये. ओले केस विणीत अडकतात आणि बाकीच्या कपड्यांनाही लागतात. आधी रबराने ओढून घ्यावी, मग नाकाला फडके बांधून अंगणात झटकावी, नंतर धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. मांजराच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर गजकर्णाची बुरशी त्या केसांबरोबर अंथरुणात येते. तेव्हा कपडे गरम पाण्यात वेगळे धुवावेत आणि मांजराला जनावरांच्या दवाखान्यात न्यावे.

लाड सारे घर करते आणि केस एकटीने काढायचे, हे आम्हाला पटत नाही. रोज अंगणात जनावराचे अंग विंचरण्याचे काम घरातल्या पुरुषांनी व मोठ्या पोरांनी घ्यावे. गळायचे केस तिथेच गळतात.

आपल्या यवतमाळच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. हंगामात वेचलेला कापूस घरातच भरतात आणि त्या मऊ ढिगावर मांजर-कुत्री हमखास निजतात. केस कापसात मिसळले की ते जिनिंगमधून, सुतातून थेट कापडात जातात. तिथे रंग वेगळा चढतो आणि कापडावर डाग दिसतो. केंद्र सरकारने 2000 साली कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केले, तेव्हा कापसातली अशी भेसळ कमी करणे हाही त्याचा एक हेतू होता. ढीग झाकायला युरियाचे पोते नको, त्याचे प्लास्टिकचे धागेही तसेच मिसळतात. जुने सुती लुगडे घालावे आणि दाराला कडी लावावी.