वर्गणी मागायची की फीमध्ये घ्यायची?

यंदाच्या निधी-समितीच्या बैठकीत एक सूचना आली आणि ती इतकी सोयीची होती की तिला कोणी फारसा विरोधही केला नाही. दरवर्षी दिवाळीपूर्वीचे दोन रविवार आपली मुले-मुली पावतीपुस्तके घेऊन गल्लोगल्ली हिंडतात, उन्हातान्हात पायपीट करतात, आणि शेवटी रक्कम जमते ती किती, तर एखाद्या बऱ्या कारखानदाराने एका चेकवर सहज लिहून द्यावी एवढी. त्यापेक्षा प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाच्या फीमध्ये पन्नास रुपये वाढवावेत, राहिलेली तूट एखाद्या कंपनीकडून भरून घ्यावी, आणि रविवार अभ्यासाला मोकळे ठेवावेत, अशी ती सूचना. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तो होण्यापूर्वी दुसरी बाजूही कोणी तरी मांडली पाहिजे, म्हणून हे लिहितो आहे.

हा निधी ज्या स्वयंसेवी मंडळाला जातो त्याचे काम प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसेल. मंडळ रुग्णांसाठी नाही, रुग्णांबरोबर आलेल्यांसाठी आहे. खानापूर, चंदगड, बैलहोंगल, सौंदत्ती अशा दूरदूरच्या तालुक्यांतून माणसे आजारी माणसाला घेऊन बेळगावच्या इस्पितळांत येतात. रुग्णाला खाट मिळते. त्याच्या बायकोला, भावाला, म्हाताऱ्या आईला मिळतो व्हरांडा. संध्याकाळची भाकरी आणि आमटी, अंथरायला सतरंजी, रक्तपेढीचा रस्ता, कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा याची माहिती, एवढेच हे मंडळ पुरवते. कागदाचे काम वाटते तेवढे लहान नाही. जांबोटीकडच्या माणसाच्या हाती पडलेला कागद कन्नडात असतो आणि त्याला वाचता येते मराठी. चंदगडच्या इस्पितळातून आलेली चिठ्ठी मराठीत असते आणि इथल्या कारकुनाला ती वाचायची असते कन्नडात. अशा वेळी आपल्या दोन्ही विभागांतली मुले एकाच बाकावर बसून एकमेकांचे कागद वाचून देतात. व्यासपीठावरून भाषाबंधुत्वावर होणाऱ्या भाषणांपेक्षा मला हा बाक अधिक महत्त्वाचा वाटतो. असो.

आता मूळ मुद्दा. फीवाढीची सूचना करणारे असे धरून चालतात की निधी गोळा करणे वेगळे आणि लोकजागृती करणे वेगळे. पैसे फीतून येतील. जागृतीसाठी हवे तर एक भित्तिपत्रकांचे प्रदर्शन भरवू, एखाद्या वक्त्याला बोलावू. माझे म्हणणे असे की ही दोन कामे वेगळी नाहीतच. ज्याला आपण मागायला जातो त्यालाच आपले काम समजते, कारण मागितल्याशिवाय ‘कशासाठी?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही.

महर्षी कर्व्यांचे उदाहरण घ्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. म्हणजे ज्याला स्वतःच्या गावात पंगतीला बसवून घेत नव्हते, तो गणिताचा प्राध्यापक विधवांच्या शिक्षणासाठी परक्या गावांत लोकांच्या ओसऱ्यांवर जाऊन वर्गणी मागत होता. सुटी लागली की दौरा, ही त्यांची रीत. गोदूबाई म्हणजे बाया कर्वे, त्यांनीही आश्रमासाठी वर्गणी मागितली. त्या वेळच्या एखाद्या वकिलाच्या किंवा मामलेदाराच्या घरी काय होत असेल याची कल्पना करा. दोन रुपये द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न तिथे नसे. दिले तर चारचौघांत कळणार, आश्रमाच्या यादीत नाव छापले जाणार, सासरे विचारणार, आणि माजघरात बसलेली घरातली बालविधवा हे सगळे ऐकत असणार. दोन रुपये देणाऱ्याने त्या दिवशी एक बाजू घेतलेली असे. न देणाऱ्यालाही ‘का देत नाही’ याचे उत्तर स्वतःला द्यावे लागे. कर्वे फार मोठे वक्ते नव्हते. पण असा प्रश्न घराघरांत नेऊन ठेवणारी दुसरी सभा कोणती?

पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींचे नाव आजही विद्यापीठाला आहे. मोठ्या देणगीचे मोल मी कमी लेखत नाही. तिच्यावाचून ते विद्यापीठ त्या प्रमाणात उभे राहिले नसते. परंतु क्रम पाहा. आधी चोवीस वर्षांची झोळी, मग पंधरा लाख. आणि पंधरा लाख मिळाल्यावरही कर्व्यांनी झोळी खाली ठेवली नाही. १९२९ नंतर सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ संस्थेसाठी युरोप, अमेरिका, जपान, आफ्रिका असा फिरला. मग १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

कर्मवीर भाऊराव पाटलांची रीत आणखी निराळी होती. भाऊराव काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. (लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलचे दुकान आपल्या बेळगावातच होते, १९१० मध्ये ते इथून कुंडलच्या माळावर गेले, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?) लोखंडी नांगर विकायला खेडोपाडी फिरलेल्या माणसाला शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो, धान्य असते, हे कोणी शिकवावे लागले नाही. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि वसतिगृहांसाठी मूठभर धान्याची पद्धत आली. दळायला बसताना बाईने एक मूठ वसतिगृहाच्या नावाने बाजूला ठेवायची. साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. ती मूठ बाजूला टाकणाऱ्या कितीजणींना आपल्या घरात असे जेवण चालले असते? तरी त्या मूठ टाकत राहिल्या. आणि आपल्याच ज्वारीची भाकरी तिथे कोणाकोणाच्या ताटात पडते हे त्यांना ठाऊक झाले. धान्य संपल्यावर लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, ही कथा आपण सगळे सांगतो. मला मात्र त्या नाव नसलेल्या मुठी अधिक आठवतात.

अंकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांना हे नवे वाटणार नाही. ‘मुष्टिभिक्षा’ आणि ‘जोळिगे’ हे शब्द त्यांच्या घरातलेच आहेत. तुमकूरच्या सिद्धगंगा मठात हजारो मुले जेवतात आणि शिकतात त्यामागे हीच खेड्यापाड्यांतून आलेली धान्याची पोती आहेत. शिवकुमार स्वामीजी (१९०७–२०१९) स्वतः त्यासाठी गावोगाव फिरले. आणि इलकलच्या महांत स्वामीजींनी तर जोळिगेचा अर्थच उलटा केला. त्यांच्या ‘महांत जोळिगे’त पैसा नको, धान्य नको, दारू, विडी, तंबाखू जे काही व्यसन असेल ते तेवढे टाका, असे ते दारोदार मागत. १ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस कर्नाटकात व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळला जातो. झोळी पुढे केल्याशिवाय ही गोष्ट बोलता आली असती का? ‘दारू वाईट’ असे शंभर फलक लावता येतात. ‘तुझी दारू मला दे’ असे म्हणायला दारातच जावे लागते.

आमच्या मंडळाचे काम ज्यांच्या कामाशी सर्वांत जवळचे, ते मात्र गाडगेबाबा. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि मुंबईत इस्पितळांत येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांच्या नावाच्या धर्मशाळा आजही चालतात. नातेवाईक या उपेक्षित प्राण्याची आठवण आपल्याकडे प्रथम ज्यांना झाली त्यांत अक्षरओळख नसलेला हा माणूस होता. आधी गाव झाडायचे, मग कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून हैराण करायचे, आणि त्यातूनच मदत उभी करायची. त्यातला निधी कुठे संपला आणि जागृती कुठे सुरू झाली हे कोणी सांगावे?

आता फीवाढीचे पन्नास रुपये पाहू. ते पालकांच्या खिशातून जातील आणि पावतीवर ग्रंथालय, जिमखाना, परीक्षा शुल्क यांच्या ओळीत ‘इतर’ म्हणून बसतील. कोणी विचारणार नाही, कोणाला सांगावे लागणार नाही. काही वर्षांनी मुलांना वाटेल, हा आणखी एक कर. दान म्हणून त्यात काय उरले?

कंपनीच्या चेकविषयीही थोडे बोलले पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यामुळे अनेक चांगल्या संस्थांना आधार मिळाला, हे मान्य. पण ज्याला हिशेब वरिष्ठांना दाखवायचा असतो त्याला दाखविण्याजोगे काम हवे असते: इमारत, रुग्णवाहिका, फलक, फीत. रात्री अकरा वाजता एका म्हाताऱ्याला हाताला धरून रक्तपेढीच्या खिडकीपर्यंत नेले, याचे छायाचित्र ते कसले काढणार? मग हळूहळू संस्था छायाचित्रात येणारी कामे शोधू लागते. शिवाय कंपनीचे धोरण बदलले की चेक थांबतो. वडगावातले मागवाले धोरण बदलत नाहीत. ते फार तर ‘यंदा धंदा मंद आहे, पन्नासऐवजी वीस लिही’ म्हणतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दार उघडतात.

विरोधकांचे सगळेच मुद्दे पोकळ आहेत असे मी म्हणत नाही. खोटी पावतीपुस्तके छापून गावाला फसविणारे लोक आहेत, त्यामुळे खऱ्यांकडेही संशयाने पाहिले जाते. याला उपाय एकच, पै-पैचा हिशेब. दोन्ही भाषांत, सूचनाफलकावर, आणि ज्या गल्लीतून पैसे आणले त्या गल्लीतल्या वाचनालयातसुद्धा. मुलींना अनोळखी घरी पाठवायला पालक नाराज असतात. तर चौघीचौघींचे गट करा, बरोबर एक प्राध्यापिका द्या. फोनवरून पैसे घ्यायलाही माझी हरकत नाही, हल्ली भाजीवालीसुद्धा घेते. मात्र फाटकावर चौकोनी छापील ठिपके चिकटवून घरी बसणे म्हणजे मागणे नव्हे. माणसाने समोर उभे राहावे, आणि मग हवे तर फोन पुढे करावा.

‘मुलांना लाज वाटते’ हा आक्षेप मात्र मला मुळीच पटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांना पूर आले तेव्हा हीच मुले डबे घेऊन चौकाचौकांत उभी होती. लाज कोठे गेली होती? तेव्हा मागणे सोपे होते, कारण पूर सगळ्यांना दिसत होता. लोक न मागता देत होते. इतके, की जुन्या कपड्यांचे ढीग कोणी हात न लावता पडून राहिले, आणि त्यात पूरग्रस्त बाईने नेसावे असे लुगडे शोधावे लागत होते. व्हरांड्यात झोपलेल्या माणसाचे दुःख तसे दिसत नाही. त्याला पूर येत नाही आणि ओसरतही नाही. त्याच्यासाठी मागताना पाच मिनिटे बोलावे लागते, समोरच्याचा नकार ऐकावा लागतो, कधी ‘कॉलेज सोडून भीक मागता काय रे’ हेही ऐकावे लागते. वर्गात आम्ही तीन वर्षे मुलांना संभाषणकौशल्य शिकवतो. शहापुरातल्या एका दुकानदाराला गिऱ्हाइकांच्या गर्दीत आपले काम दोन मिनिटांत पटवून दहा रुपये आणणे, आणि तेही मराठीत सुरू करून कन्नडात संपवणे, याहून कठीण तोंडी परीक्षा मला तरी काढता येणार नाही.

आणि एक फायदा रकमेत मोजता येत नाही. मंडळाच्या रात्रपाळीला येणाऱ्या स्वयंसेवकांत आज दोन गृहिणी आहेत, एक निवृत्त पोस्टमन आहेत, एक सायकल दुरुस्तीवाला आहे. यांतला एकही भित्तिपत्रक वाचून आला नाही. सगळे वर्गणी मागायला गेलेल्या मुलांना ‘म्हणजे नेमके करता काय तुम्ही?’ असे विचारून आले आहेत. पोस्टमनसाहेबांनी तर पहिल्या वर्षी वर्गणी दिलीच नव्हती, खात्री करायला म्हणून व्हरांड्यात आले होते. फीतून गोळा केलेल्या पैशांनी सतरंज्या येतील. त्या अंथरायला माणसे कुठून आणायची?

पुढच्या बैठकीत मतदान आहे. फीवाढीच्या बाजूने मत देणाऱ्यांना एक विनंती. गेल्या वर्षीच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती कार्यालयात आहेत, त्या एकदा चाळाव्यात. पाचशेच्या पावत्या थोड्या आहेत, दहा-वीसच्या पुष्कळ. एकीवर नावाच्या जागी नुसते ‘मागच्या पावसाळ्यात व्हरांड्यात होतो’ असे लिहिलेले आहे आणि रक्कम अकरा रुपये. पुस्तके शिपाईमामांच्या कपाटात खालच्या खणात आहेत. किल्ली दुपारी तीनपर्यंत मिळते.