सूट नक्की कोण देतं?

दसरा-दिवाळीचे ऑनलाइन सेल संपले की किती हजार कोटींची विक्री झाली याच्या बातम्या येतात. विक्रेत्याच्या हातात काय उरलं, हे त्यात नसतं. मी अशा विक्रेत्यांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला ती बाजू रोज दिसते.

समजा, हजाराचा कुर्ता सेलमध्ये सहाशेला गेला. तीनशेचा माल, दीडशे कमिशन आणि कुरिअर, पन्नास जाहिरातीचे. जीएसटी बाजूला ठेवला तरी उरले शंभर. आता पाचांतला एक कुर्ता डाग पडून परत आला, तर तीनशेचा माल बुडाला, वर जाण्यायेण्याचं भाडं आणि जाहिरात. बाकीच्या चार कुर्त्यांचे चारशे तिथेच संपले. (या धंद्यात आरटीओ म्हणजे लायसन्सचं ऑफिस नव्हे, घेणाऱ्याने न स्वीकारल्याने परत आलेलं पार्सल.) कोटींची बातमी ऑक्टोबरात छापून येते, पार्सलं नोव्हेंबरपर्यंत परत येत राहतात.

यावर ठरलेलं उत्तर: सेलमध्ये उतरणं ऐच्छिक आहे. कसलं ऐच्छिक? सेलचा शिक्का असलेला माल वर दिसतो, बाकीचा शोधयादीच्या तळाशी. वर्षाची कमाई ज्या दिवसांत करायची, त्याच दिवसांत अदृश्य व्हायची मुभा तेवढी आहे.

परकीय भांडवलावर चालणाऱ्या बाजारपेठांनी मालाच्या किमतीवर प्रभाव टाकू नये, असं २०१८ची 'प्रेस नोट २' सांगते. म्हणजे कागदोपत्री सूट विक्रेत्याचीच. जानेवारी २०२०मध्ये स्पर्धा आयोगाने अमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला, तो दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून. भरमसाट सूट आणि ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप, हेच त्यातले आरोप होते.

ग्राहकाचा फायदा होतो, हे खरंच. पण मोबाइलवरच्या सुटीत कंपनी आणि बँक वाटेकरी असू शकतात; कुर्तेवाल्याच्या मागे कोणी नसतं. आणि लक्ष्मी रोडवरचा दुकानदार? त्याने भाडं, पगार आणि उधारीवर भरलेला दिवाळीचा माल सांभाळून त्या सहाशेशी स्पर्धा करायची.

सूट मान्य करण्याच्या बटणाशेजारी 'तुमच्या हातात इतके पडतील' हा आकडा सक्तीने दाखवायला लावा. ग्राहकाला दिसू द्या, सुटीतले किती रुपये विक्रेत्याचे आणि किती बाजारपेठेचे. हिशोब चुकता करायला दोन्ही आकडे त्यांच्याकडे असावेच लागतात. फक्त पडद्यावर आणायचे आहेत.