धांवणारांची परीक्षा

आमच्या पांढरपेशा वर्गाच्या हातीं कोणतीहि गोष्ट द्या, वर्षाच्या आंत तो तिची परीक्षा करून टाकतो. गाणें दिलें, त्याच्या परीक्षा झाल्या. चित्रकला दिली, तिच्याहि झाल्या. आतां पाळी धांवण्याची आहे. मीं पंचवीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. या रोगाचीं लक्षणें मला तरी लवकर ओळखूं यावयास हवीं होतीं. तीं आलीं नाहींत, हें आधींच कबूल करतों.

हौसेनें मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या मनुष्याचा आठवडा वस्तुतः फार नीरस असतो. माझाच घ्या. सोमवारीं विश्रांति. मंगळवारीं आणि गुरुवारीं ८ किलोमीटर, बरोबरीच्या माणसाशीं पूर्ण वाक्यांत बोलतां येईल अशा चालीनें. बुधवारीं तेवढें वेगाचें काम: ८०० मीटर झपाट्यानें, मग दम खाऊन पुन्हां, असें पांच-सहा वेळां. शुक्रवार रिकामा, शनिवारीं थोडेंसें, आणि रविवारीं पहांटे २६ किलोमीटर. सात दिवसांत घाई काय ती एका दिवशीं. पण बाकीचे दिवस आळसाचे नव्हत. संथ धांवण्यानें स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचें जाळें वाढतें आणि चरबी जाळून शक्ति मिळविण्याची शरीराला संवय लागते. स्नायूंतील साखरेचा सांठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो. पुढचे १२ किलोमीटर बव्हंशीं या संवयीवरच काढावयाचे असतात. शिवाय हृदय कांहीं आठवड्यांत तयार होतें, हाडें व स्नायुबंध मात्र महिने घेतात. हा हिशेब न मानणाराला त्याची नडगीच तो शिकविते.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डला हें मर्म कळलें होतें. त्याच्या पीटर स्नेल या शिष्यानें १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें ८०० मीटरची शर्यत जिंकली. एवढ्या अल्प अंतराच्या धांवपटूलाहि तो दर रविवारीं ऑकलंडजवळच्या डोंगरांतून २२ मैल धांववीत असे. याच लिडियार्डनें ऑकलंडमधील पोक्त, सुटलेल्या पोटाच्या गृहस्थांना संथ धांवावयास लावलें, आणि अमेरिकेच्या बिल बॉवरमननें तें पाहून आपल्या देशीं नेलें. म्हणजे ज्या छंदाचे अनुयायी म्हणून आम्ही मिरवितों, तो मुळीं मंद माणसांसाठींच जन्मला.

आणि आम्ही काय केलें? मनगटाला उपग्रहाशीं बोलणारें घड्याळ बांधलें आणि रोजचा निकाल चहाच्या आधीं मंडळाच्या फोनवर लावला. निकाल लागूं लागला कीं मंगळवारचे संथ ८ किलोमीटर संथ राहत नाहींत; लोक पाहताहेत ना! मग सातहि दिवस बुधवार होतात. मीं स्वतः असे चार महिने काढले आणि नडगी धरून सहा आठवडे खुर्चींत बसलों. तेंहि सोसतां येतें. सोसवत नाहीं तें निराळेंच.

आमच्या मंडळांत पन्नाशीच्या एक बाई होत्या. किलोमीटरला ९ मिनिटें ही त्यांची चाल. रविवारच्या यादींत नांव नेहमीं शेवटीं. एकदां कोणीसें त्यापुढें कासवाचें चित्र टाकलें. सर्वांनीं हंसण्याच्या खुणा पाठविल्या, त्यांत एक माझी होती. पुढल्या रविवारीं बाई आल्या नाहींत, त्यापुढल्याहि नाहींत. ऑलिंपिकची मॅरेथॉन स्त्रियांना १९८४ सालापर्यंत मिळाली नव्हती, कारण ती त्यांना झेपणार नाहीं असें पुरुषांचें मत. येथें एका स्त्रीला ती झेपूं लागली होती, आणि आम्हां पदवीधरांनीं तिला घरीं बसविलें.

कोणी म्हणेल, चढाओढीवांचून ईर्षा कशी यावी? ईर्षा ज्यांना साजते त्यांना खुशाल असो. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें एकोणिसावे आलेल्या बेळगांवच्या फडेप्पा चौगुल्यांना ती शोभली. पण आम्हां प्राध्यापकांची, कारकुनांची, डॉक्टरांची एकमेकांशीं शर्यत ती कसली? आंकडे हवेतच तर वहींत लिहावे. वही आपली असते, ती फळ्यावर टांगीत नाहींत.

यादी बंद करावी असा ठराव मीं मंडळांत मांडला. तो दोन मतांनीं पडला. परवां त्या बाईंच्या घरीं गेलों आणि कासवाची माफी मागितली. त्यांनीं चहा दिला, विषय बदलला, आणि मी निघतांना दारांत विचारलें, "सर, रविवारीं घड्याळ आणणार आहांत का?" घरीं ठेवून येईन, म्हणून सांगितलें आहे. पहांटे पांचला, फाटकापाशीं.