अपारंपरिक कोणासाठी?

‘अपारंपरिक ऊर्जा’ हा शासकीय मराठीतला शब्द आम्हांला कित्येक वर्षे खुपत आला आहे. ऊन, वारा आणि वाहते पाणी अपारंपरिक. परंपरा काय ती कोळशाची! गडचिरोलीतल्या माडिया घरी मोहफुले उन्हातच वाळतात. त्या घराच्या दृष्टीने अपारंपरिक असेल तर ते १९८३ साली पहिला संच सुरू झालेले चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र. केंद्रीय मंत्रालयाने २००६ साली आपल्या नावातून हा शब्द काढला आणि ‘नवीन व नवीकरणीय’ हे विशेषण धारण केले. शब्द बदलला, पाहणाऱ्याची जागा बदलली नाही.

गैरसमज नको. कोळशाची वकिली आम्हांला करायची नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. ज्या गावाने राज्याला वीज दिली आणि स्वतःकडे राख ठेवली, त्या गावाला सौर ऊर्जेचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. वाद ऊर्जेशी नाही, तिच्या व्याख्येशी आहे.

इचमपल्ली आणि भोपालपट्टनम ही नावे आठवावीत. गोदावरी आणि इंद्रावतीवरच्या या नियोजित जलविद्युत प्रकल्पांत जंगल आणि आदिवासी गावे बुडणार होती. ऐंशीच्या दशकात लोक उभे राहिले, बाबा आमटे त्यांच्यासोबत होते आणि ती धरणे झाली नाहीत. पुढे मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने २५ मेगावॉटवरील जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ठरवले. नदी तीच, बुडणारे जंगल तेच. व्याख्या बदलताच बुडवणे ‘हरित’ झाले. पाणी पुन्हा भरते हे खरे. गाव पुन्हा भरते काय?

२०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता हे राष्ट्राचे उद्दिष्ट आहे आणि या क्षेत्रात शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला दार उघडे आहे. सर्वत्र ‘संधी’ हा शब्द घुमतो. व्याकरणातल्या संधीला निदान दोन वर्ण लागतात. या संधीत गुंतवणूकदार हा एकच वर्ण दिसतो. दुसरा वर्ण ‘पडीक’ या नोंदीखाली गाडला जातो. दप्तरात पडीक असलेल्या जमिनीवर गुरे चरतात, मोह वेचला जातो, सरपण मिळते. तिला पडीक म्हणणे हे वर्णन नव्हे. तो ताबा घेण्याचा पहिला टप्पा आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो : मग पर्याय काय? पर्याय याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली १,८०० हेक्टरांहून अधिक वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू अडला, कारण वनखात्याच्या लेखी बांबू हे झाड होते, तर २००६ च्या वनहक्क कायद्यात ते गौण वनोपज. अखेर २०११ साली वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. एका शब्दाची व्याख्या गावाने जिंकली आणि बांबूची मालकी हाती आली. जी ग्रामसभा बांबू विकू शकते, ती सौर प्रकल्पात भागीदार का होऊ शकत नाही? तिची संमती आधी, तिचा वाटा कायमचा आणि पहिली वीज तिच्या घरांना, या तीन अटी नसलेले धोरण आम्ही नवीकरणीय मानणार नाही. त्यात नवे होते ते केवळ कंत्राट.

राहता राहिलो आम्ही, मराठी शिकवणारे. कवितेतल्या एका विशेषणावर आम्ही तासभर बोलतो आणि शासन निर्णयातले विशेषण न वाचता सोडून देतो. ‘पडीक’, ‘हरित’, ‘अपारंपरिक’ हे शब्द आमच्याच भाषेतले आहेत. त्यांच्या आधारे कुणाची जमीन जात असेल, तर तो विषय अभ्यासक्रमाबाहेरचा कसा?