एक कण, दोन स्थानके

मित्र ठाण्याला किंवा कल्याणला भेटणार. ठाण्याला दिसला नाही, तर कल्याणला असणार, हे आम्हां डोंबिवलीकरांचे रोजचे तर्कशास्त्र. यात गूढ काही नाही. तो आधीपासूनच तेथे असतो; अज्ञान आमचे असते. अर्धपारदर्शक आरशामुळे दोन वाटा लाभलेल्या एकाच फोटॉनची गोष्ट निराळी. तो एका वाटेवर सापडताच दुसरीकडची शक्यता मावळते. एकट्या कणाच्या या अडचणीवर आइन्स्टाइनने १९२७ मध्येच बोट ठेवले होते. ही स्थिती निव्वळ अज्ञान मानून उलगडत नाही, हे २०१५ मध्ये जपानी व ऑस्ट्रेलियन संशोधकांनी प्रयोगाने दाखवले. तरीही तिच्यातून निरोप धाडता येत नाही. समीक्षेत 'एन्टँगलमेंट'चे रूपक योजताना या दोन्ही अटी पाळाव्यात, असे आम्हांस वाटते. एरवी आपण लिहितो ते फोटॉनविषयी नसून चुकामूक झालेल्या मित्राविषयीच असते.