दोरी गच्चीवर, मैदान कुणाचं?

डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला आणि व्यायाम करा म्हणाले. तेव्हापासून फजरच्या नमाजनंतर मी मैदानावर जॉगिंग करतो. जिना चढताना बायकोलाही दम लागायचा. तिला मी उड्या मारायची दोरी आणून दिली आणि गच्ची दाखवली.

दोरीचा व्यायाम स्वस्त आणि चांगला, यात वाद नाही. उडी इंचभरच घ्यावी, दोरी मनगटाने फिरवावी. सुरुवातीला अर्धा मिनिट उड्या, अर्धा मिनिट विश्रांती पुरे. गुडघे दुखत असतील तर आधी चालावं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. त्यात बाई-पुरुष असा भेद नाही.

पंधरा दिवसांनी बायकोने विचारलं, "तुम्ही मैदानात, मग मी पाण्याच्या टाकीशेजारी का?"

'लोक काय म्हणतील' एवढंच माझ्याकडे होतं. धर्माची सबबही चालणार नव्हती. पैगंबर साहेबांनी हजरत आयशांबरोबर धावण्याची शर्यत लावली आणि पहिल्यांदा त्या जिंकल्या, ही हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. ती मी लहानपणापासून कौतुकाने ऐकतो, पण घरी लागू करत नव्हतो.

आता ती बुरख्याखाली स्पोर्ट्स शूज घालून माझ्याबरोबर येते. पहिल्या दिवशी माना वळल्या, आठवड्यात लोकांना सवय झाली. दोरी पावसाळ्यासाठी जरूर ठेवा. मैदानाच्या बदल्यात मात्र ती घरातल्या बाईच्या हाती देऊ नका.