जहाज वर काढाल, सांभाळणार कोण?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्जजवळ बुल्व्हरहाइथ नावाची पुळण आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पाणी खूप मागे सरले की तिथे चिखलातून काळ्या लाकडांची टोके जहाजाच्या आकारात डोके वर काढतात. ‘आम्स्टरडॅम’ या डच शिडाच्या जहाजाच्या या फासळ्या. बाकीचे जहाज खाली गाडलेले आहे. ते वर काढावे की तिथेच राहू द्यावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

डच ईस्ट इंडिया कंपनीने हे जहाज १७४८ साली बांधले. कप्तान विलेम क्लुम्प. निघण्याचे आधीचे प्रयत्न फसल्यावर १७४९च्या जानेवारीत तीनशेहून अधिक माणसे आणि चांदीच्या पेट्या घेऊन ते बटाव्हियाकडे, म्हणजे आजच्या जाकार्ताकडे निघाले. सफर पहिलीच होती. इंग्लिश खाडीत वादळाने सुकाणू तुटले. साथीच्या आजाराने माणसे पटापट मरू लागली. उरलेल्या खलाशांनी बंड केले आणि दारूची कोठी फोडली. २६ जानेवारी १७४९ रोजी जहाज चिखलात रुतले. किनारा हाकेच्या अंतरावर होता, म्हणून जिवंत माणसे सुखरूप उतरली. बहुतेक चांदीही सरकारी पहाऱ्यात बाहेर काढली गेली. मात्र जहाज इतक्या झपाट्याने खचत गेले, की बाकीच्या मालाचा नाद सोडून द्यावा लागला.

त्या चिखलानेच पुढे उपकार केले. हवा न लागल्यामुळे लाकूड, चामड्याचे बूट, दारूने भरलेल्या बाटल्या हे सारे शाबूत राहिले. १९६९मध्ये सांडपाण्याच्या नळाचे काम करणाऱ्या मजुरांनी यंत्राने तिथे खणले, आणि दोन शतके सुरक्षित राहिलेली ठेव थोड्याच दिवसांत लुटली जाऊ लागली. पीटर मार्सडेन या पुरातत्त्वज्ञाने त्याविरुद्ध आवाज उठवला. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणाचा कायदा १९७३ साली झाला आणि पुढच्याच वर्षी ‘आम्स्टरडॅम’ला त्याचे कवच मिळाले. १९८०च्या दशकात तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. तेव्हापासून अनेकांच्या मनात एक स्वप्न आहे: जहाज उचलावे आणि मायदेशी न्यावे.

असे जहाज उचलता येते, हे स्वीडनने दाखवले आहे. १६२८मध्ये स्टॉकहोमच्या बंदरातच बुडालेले ‘वासा’ १९६१ साली अखंड वर आले. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. खरे काम मात्र त्यानंतर सुरू झाले. लाकूड वाळून तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे रसायनाची फवारणी करावी लागली. २०००च्या सुमारास लाकडात आम्ल तयार होत असल्याचे आढळले. २०११ ते २०१८ या काळात पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट बदलावे लागले. पाण्यातून बाहेर येऊन साठ वर्षे उलटली तरी या रुग्णाची शुश्रूषा संपलेली नाही. स्वीडन ती निष्ठेने करतो आहे, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना एक गोष्ट नेहमी दिसे. यंत्राची किंमत अर्जदाराने पैपैशासह लिहिलेली असे. ते चालवण्याच्या खर्चाचा रकाना बहुधा कोराच. वारसा जपण्याच्या बाबतीतही आपण असेच वागतो. उद्घाटनाला पैसा मिळतो, कारण तिथे छायाचित्र निघते. गळणाऱ्या छपराला तो मिळत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीची तरतूद कागदावर पक्की झाल्याशिवाय ‘आम्स्टरडॅम’ला हात लावू नये. यावर आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. उघडे पडलेले लाकूड लाटा झिजवतात, समुद्री किडे पोखरतात. त्यासाठी पहारा हवा, वेळोवेळी मोजमाप हवे, उघडा पडलेला भाग पुन्हा झाकायला हवा. हेही काम कंटाळवाणे आहे, पण ते आवाक्यातले आहे. मुलांना जहाज दाखवायचे, तर त्याचीही सोय झाली आहे. १९८५ ते १९९० या काळात शेकडो स्वयंसेवकांनी त्याची पूर्णाकृती प्रतिकृती बांधली आणि ती आम्स्टरडॅमच्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला उभी आहे.

याच कंपनीने १६३७मध्ये आपल्या वेंगुर्ल्यात बस्तान बसवले होते. तिची वखार समुद्राने गिळली नाही की चिखलाने झाकली नाही. ती गावात, सर्वांच्या डोळ्यांसमोर होती, आणि तरीही वर्षानुवर्षे पडझड सोसत राहिली. तिला वर काढायला कोणतीही यारी लागत नव्हती. पावसाळ्यापूर्वी भिंतीतले पिंपळाचे रोप उपटणारा माणूस आणि त्याचा दरमहा पगार, एवढेच लागत होते. बुडालेल्या जहाजांची स्वप्ने पाहण्यापूर्वी तो पगार आपल्या अंदाजपत्रकात आहे का, हे पाहिले पाहिजे.